वस्त्रगाळ

दाजींच्या पश्चात त्यांच्या इस्टेटीची यादी करावयास आम्ही बसलो, तेव्हा डिंडोलीचे दोन खोल्यांचे घर, बँकेतील किरकोळ शिल्लक, पेन्शनीचे दप्तर आणि पितळी बंबासह स्वयंपाकघरातील भांडी एवढी कलमे बिनतक्रार नोंदली गेल्यावर शेवटच्या कलमापाशी आमची लेखणी अडली. कारण ते कलम घराच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत चिंचेखाली उभे होते, घरातील यच्चयावत् चीजवस्तूंची बेरीज केली तरी वजनात तिला भारी पडत होते, आणि त्याची किंमत काय धरावी हे जमलेल्यांपैकी कोणालाच सांगता येत नव्हते. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला होता. भाचा त्या ट्रकला ‘अँटिक’ म्हणत होता. अक्का मात्र इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसली होती, ती एवढेच म्हणाली, “भाऊ, दिवाळीचे त्याचे फिल्टर धुवायचे राहिलेत.” त्या एका वाक्यासरशी किमतीचा प्रश्न बाजूला पडला आणि ट्रक, कोणाच्याही लेखी संमतीवाचून, माझ्या हवाली झाला.

ट्रक शक्तिमान जातीचा. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या आराखड्याबरहुकूम १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत, आणि १९६९ मध्ये त्याच शहरी वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिल्यावर त्या कारखान्यात, हे ट्रक तयार होत असत. पुढे नव्वदीच्या दशकात अशोक लेलँडच्या स्टॅलियनने त्यांची गादी घेतली आणि जुने शक्तिमान एकेक करून ‘कंडम’ असा शेरा घेऊन लिलावाच्या मैदानात येऊ लागले. दाजी लष्करात एमटी ड्रायव्हर होते. ज्या जातीच्या गाडीवर उमेदीची वर्षे गेली त्या जातीची गाडी वजनावर विकली जात आहे हे ऐकून त्यांनी १९९८ मध्ये, प्रॉव्हिडंट फंडाला हात घालून, एक ट्रक लिलावात सोडवून आणला. ‘सोडवून आणला’ हा त्यांचाच शब्द. लष्कराखेरीज कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह हिरवा रंग असू नये असा मोटार वाहन नियमांचा दंडक असल्याने त्यांनी तो निळा रंगविला. पण जेथे जेथे कुंचला पोचला नाही, बिजागरीच्या पोटात, टपाच्या आतील कडेला, बॉनेटच्या खालच्या बाजूस, तेथे तो हिरवा रंग अजून शाबूत आहे, आणि पुढच्या पाटीवर ऊन तिरपे पडले की निळ्याखालून लष्करी क्रमांकाच्या आरंभीचा तो उभा बाण अंधुक वर येतो.

या ट्रकच्या बाबतीत एक गोष्ट मला मास्तरकीच्या सवयीने फार मौजेची वाटत आली आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरापासून शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागले, आणि लगोलग हा जर्मन कुळातला ट्रक आपले मिलिमीटरी नटबोल्ट घेऊन अवतरला. त्यामुळे बेडफर्ड आणि शेव्हरलेट यांच्यावर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींचे इंची पाने त्याच्यापुढे एकाएकी निरुपयोगी ठरले. दाजींच्या पेटीत एकही इंची पाना नव्हता. होती ती एक लांबट, कापडी पाठीची वही, आणि तिच्यात लाल शाईने आखलेले चार रकाने: तारीख, किलोमीटर, काय केले, माल कोठून आला. लष्करातून माणूस बाहेर पडतो, परंतु लॉगबुक काही माणसातून बाहेर पडत नाही, हे मला ती वही चाळताना समजले. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या त्या नोंदींत टायर, क्लचप्लेट, पंप इत्यादिकांचे उल्लेख तुरळक आहेत. पानामागून पान भरले आहे ते ‘फिल्टर’ या एका शब्दाने. हवेचा धुतला. डिझेलचा बदलला. तेलाचा पाहिला, अजून चालेल.

फिल्टर म्हणजे काय, असे कोणी विचारले असते तर पूर्वी मी ‘गाळणी’ असे सांगून मोकळा झालो असतो. पण गाळणी ही आपण समजतो तितकी साधी वस्तू नाही. एक लिटर डिझेल जाळावयाचे तर एंजिनाला निदान दहा हजार लिटर हवा आत ओढावी लागते, आणि त्या हवेबरोबर रस्त्याची धूळ येते. धुळीत गारगोटीचे म्हणजे सिलिकाचे कण असतात, ते पोलादापेक्षा कठीण, आणि सिलिंडर व पिस्टनची रिंग यांच्या फटीत ते शिरले की कानशीसारखे दोघांनाही खात बसतात. डिझेलच्या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांमध्ये तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पटींहून अधिक अंतर नसते. आपला केस त्या फटीत आडवा घालावयाचा म्हटले तर तो वीस-पंचवीस वेळा उभा चिरावा लागेल. म्हणून शक्तिमानसारख्या गाडीत पहारे तीन ठिकाणी बसविलेले असतात. हवेच्या वाटेवर तेलाने भरलेले एक भांडे असते. हवा वरून खाली येते, तेलाच्या पृष्ठभागावर आपटून एकदम उलटी वळते, वळणावर जड धूळ तेलात पडते आणि उरलीसुरली वरच्या तारेच्या जाळीत अडकते. डिझेलच्या वाटेवर आधी नमद्याची नळी आणि मग कागदाची घडीदार गुंडाळी. तेलाच्या वाटेवर निराळा पहारेकरी, आणि तो तुंबला तर एंजिन कोरडे पडू नये म्हणून एक चोरवाट, जिच्यातून न गाळलेले तेल तसेच पुढे सोडले जाते. कारण घाणेरडे तेल एंजिनाला हळूहळू मारते, तर तेलाचा अभाव तत्काळ. दाजी सांगत की बाडमेरकडच्या वाळूत हवेच्या भांड्यातले तेल रोज संध्याकाळी बदलावे लागे, आणि तळाला बसलेला लगदा बोटांनी खरवडताना दिवसभरात आपण केवढा मुलूख गिळला याचा अंदाज येई.

आपल्या भाषेने या क्रियेची जी संसारमांडणी केली आहे तिच्याकडे तेव्हापासून माझे लक्ष गेले. गाळणे, गाळणी, गाळीव, उसाचे गाळप, घाम गाळणे, पाने गळणे, नळाची गळती, आणि या साऱ्यांच्या तळाशी बसलेला तो गाळ. इतर भाषांचे मला ठाऊक नाही, पण आपल्याकडे जी क्रिया शुद्ध करते तिचे आणि जे अशुद्ध मागे उरते त्याचे मूळ एकच आहे, याचे वैषम्य कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही. भीतीने गाळण उडते ती कोणत्या अर्थी, आणि बाजारातला दुकानाचा गाळा याच गोत्रातला की परका, हा वाद मी व्युत्पत्तिकारांवर सोडतो. मला मात्र पुढे सबंध वर्ष एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात गाळणी शोधीत हिंडावे लागले, एवढे खरे.

गाळाची खरी ओळख सुरतेला २००६ च्या ऑगस्टात झाली. उकाईच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, बहुतेक शहर पाण्याखाली गेले, आणि ती ओसरली तेव्हा प्रत्येक तळमजल्यात गुळगुळीत, करड्या, बोट रुतेल अशा चिखलाचा थर ठेवून गेली. शक्तिमानचे जमिनीपासूनचे अंतर चांगले असल्यामुळे दाजींनी ते तीन आठवडे अडाजण-रांदेरकडे पाण्याची पिंपे नेण्यात आणि परतताना लोकांच्या घरांतला गाळ वाहून आणण्यात घालविले. ऊन पडले तसा तो गाळ वाळला, चाकांखाली त्याचे पीठ झाले, आणि मग शहरभर जी धूळ उडू लागली तिच्यापुढे, दाजींच्या मते, बाडमेरची धूळ सभ्य होती. वहीत त्या महिन्यात हवेच्या फिल्टरच्या एकोणीस नोंदी आहेत. अठराव्या नोंदीपुढे, त्यांच्या वहीत एरवी कधीही न आढळणारा, उद्गारवाचक शब्द आहे. तो मी येथे लिहीत नाही.

तर मुद्दा असा की अक्काच्या सांगण्यावरून मी फिल्टर धुवावयास काढले, आणि हवेचे भांडे केरोसिनने लखलखीत झाले तरी डिझेलच्या नमद्याची नळी हातात येताच ओल्या पापडासारखी फाटली. तेलाच्या फिल्टरची गुंडाळीही तिच्या मागोमाग गेली. दुसरी आणावयाची कोठून?

येथून माझे शिक्षण सुरू झाले. मी आयुष्यभर शब्दांचा व्यवहार केलेला मनुष्य. वस्तूचे नाव अचूक सांगितले की वस्तू मिळते, अशी माझी भाबडी समजूत. लष्करी कोठारांच्या याद्यांत नावे उलट्या क्रमाने लिहिण्याचा रिवाज आहे, आधी विशेष्य आणि मग स्वल्पविराम देत देत विशेषणे: फिल्टर, तेल, एंजिन. ही रचना टीकाकाराने अन्वय लावून दिलेल्या श्लोकासारखी वाटून मी तीच पाठ केली आणि रिंग रोडच्या आसपासच्या मोटारसामानाच्या दुकानांतून तिचा उच्चार करीत फिरलो. ‘शक्तिमान’ म्हणताच तरुण गुमास्ते दूरदर्शनवरील पराक्रमी पुरुषाची आठवण होऊन हसत. जरा वयस्क दुकानदार कपाटातून कोणत्या तरी दुसऱ्याच ट्रकची गुंडाळी काढी, मी आणलेल्या फाटक्या नळीशेजारी क्षणभर धरी आणि म्हणे, “चालशे.” गुजराती भाषेतील या शब्दाबद्दल मला नितांत आदर आहे, व्यापाराचे निम्मे तत्त्वज्ञान त्यात आहे, आणि या शहराने पूर, प्लेग व मंदी पचविली ती त्याच्याच जोरावर. पण दोन वेळा ‘चालशे’ म्हणून आणलेली वस्तू बसविल्यावर कडेने डिझेल ठिबकू लागले तेव्हा त्या शब्दाला कालमर्यादा जोडलेली नाही हे माझ्या ध्यानी आले. दिल्लीच्या काश्मिरी गेटाकडे एका जुन्या विद्यार्थ्याकरवी तपास केला. देहूरोडला दाजींचे एक सहकारी होते त्यांना पत्र घातले. दोन्हीकडून सहानुभूती आली.

शेवटी लिंबायतच्या मिस्त्रींकडे गेलो. हे मूळचे अमळनेरकडचे. तापी व्हॅलीच्या ज्या रेल्वेने नंदुरबार-नवापूरवरून खानदेशातली हजारो कुटुंबे सुरतेच्या मागांवर आली, तिनेच पन्नास वर्षांपूर्वी आलेले. (सुरतेला मराठी माणूस राहतो असे म्हटले की पुण्याचे पाहुणे १६६४ आणि १६७० ची आठवण काढून मिस्किल हसतात, त्यांना मी हल्ली एवढेच सांगतो की ते स्वार आठवड्याच्या आत परत गेले, आम्हाला तिसरी पाळी असते.) मिस्त्रींनी माझी विशेष्य-विशेषणे शांतपणे ऐकून घेतली आणि आपल्या अहिराणी वळणात म्हणाले, “मास्तर, नाव नका सांगा, माप सांगा.” मग त्यांनी ती फाटकी नळी फळीवर ठेवली, कॅलिपर लावला आणि बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी, दोन्ही टोकांच्या पॅकिंगची रुंदी आणि मधल्या बोल्टाचे आटे, अशी पाच मापे खडूने लोखंडी कपाटावर लिहिली. ज्या वस्तूला ही पाच मापे जुळतील ती वस्तू ट्रकची, मग ती पंपसेटची असो की आगबोटीची. नाव कारखान्याचे असते, असे ते म्हणाले, माप गाडीचे असते.

आगबोटीचा उल्लेख त्यांनी सहज केला नव्हता. हजिऱ्याहून घोघ्याला २०२० पासून वाहनांसकट नेणारी मोठी बोट सुटते आणि रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर वळसा घालावयाचा तो खंबायतच्या आखातातून नव्वद किलोमीटरांत आटोपते. घोघ्याहून पुढे अलंग, जेथे १९८३ पासून जगातली थकलेली जहाजे भरतीच्या पाण्याबरोबर किनाऱ्यावर चढविली जातात आणि तुकडे तुकडे होऊन रस्त्याकाठच्या दुकानांत येतात. त्या दुकानांना खाडा म्हणतात. एका खाड्यात नुसत्या खुर्च्या, दुसऱ्यात फक्त चिनीमातीच्या बशा, तिसऱ्यात दोरखंड. आणि एका पत्र्याच्या छपराखाली जहाजांवरील वीजयंत्रांचे सुटे भाग, कोणत्या तरी परक्या लिपीतल्या खोक्यांत, अजून न उघडलेले. मी नाव उच्चारले नाही. खडूवरून उतरून घेतलेला कागद पुढे केला. दुकानदाराने कागद वाचला, माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिले, आणि अर्ध्या तासाच्या उकराउकरीनंतर तेलाच्या फिल्टरची एक गुंडाळी माझ्या हातावर ठेवली. चार मापे बरोबर जुळली. लांबी एक सूत जास्त भरली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सुताराप्रमाणे सुरतेतील लेथवाल्यालाही कळते, जरी त्या शहरात सूत म्हटले की दहांतील नऊ माणसांना दुसरेच काही आठवते. ते एक सूत मिस्त्रींनी झाकणाखाली कडी बसवून जिरविले, आणि अरबी समुद्रात की आणखी कोठे एखाद्या जहाजाचे दिवे पेटते ठेवण्यासाठी केलेली ती वस्तू डिंडोलीच्या चिंचेखाली रुजू झाली.

डिझेलचा नमदा मात्र अलंगलाही मिळाला नाही. आणि मग एका दुपारी, पांडेसऱ्याच्या रंगाईच्या गिरण्यांजवळून जाताना, बॉयलरच्या धुराची राख अडविणाऱ्या मोठमोठ्या कापडी पिशव्या एका दुकानाबाहेर टांगलेल्या दिसल्या, तेव्हा आपण किती मूर्ख आहोत हे माझ्या लक्षात आले. ज्या शहरात लक्षावधी माग रात्रंदिवस कापड काढीत आहेत, त्या शहरात मी गाळण्यासाठी कापड शोधीत दिल्लीला पत्रव्यवहार करीत होतो! आमच्या आजीच्या घरी वैद्याचे चूर्ण ‘वस्त्रगाळ’ असले तरच घेत. सुरतेच्या जैन घरांत पाण्याच्या माठावर गाळणे बांधल्याशिवाय घोट घेत नाहीत. आणि महिधरपुऱ्याच्या गल्ल्यांतील केर धुऊन त्यातून हिऱ्या-सोन्याचे कण काढणारे धूळधोये, ज्यांना आपण झारेकरी म्हणतो, ते तर गाळण्यावरच पोट भरतात. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर मोटारी चालत, तेव्हा तो गॅसदेखील काथ्यातून आणि कापडातून गाळूनच एंजिनात सोडीत, असे माझे वडील सांगत. हे सारे ठाऊक असून मला सुचले नव्हते. कारण मी फिल्टर शोधीत होतो, गाळणे नव्हे.

दुकानातून मी सर्वांत घट्ट, सर्वांत बारीक विणीचा नमदा निवडला. जितके बारीक तितके उत्तम, यात शंका घेण्यासारखे काय आहे? अक्का घरी साड्यांना लेस लावण्याचे काम करते. तिने जुन्या नळीच्या बेताने तो बेतला आणि टाक्यांच्या भोकांतून घाण जाऊ नये म्हणून शिवण दुमडून दुहेरी घातली. ट्रक सुरू झाला, गल्लीतून बाहेर पडला, आणि उड्डाणपुलाच्या चढावर धापा टाकून थांबला. मागे मोटारींची रांग लागली. लोकांनी दाजींच्या व माझ्या पूर्वजांची एकत्रित आठवण काढली. मिस्त्री आले, त्यांनी नमद्याचा तुकडा तोंडाला लावून फुंकर मारली, आणि ती पलीकडे पोचली नाही असे पाहून म्हणाले, “मास्तर, इतकं बारीक गाळलं तर ते पिणार काय?”

ते ट्रकविषयी बोलत होते. मला मात्र उड्डाणपुलावर, कर्ण्यांच्या त्या गदारोळात, नगर प्राथमिक शाळेतील माझे वर्ग आठवले. मराठी माध्यमाची शाळा, मागावर काम करणाऱ्यांची मुले, घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, फळ्यावर माझी शुद्ध मराठी. मुलगा उत्तर बरोबर देई, पण ‘मी जास’ म्हणे, आणि मी तेथेच त्याला थांबवून ‘जातो’ म्हणवून घेई. ऱ्हस्वदीर्घाला अर्धा गुण, बोलीला एक गुण, अशी माझी जाळी. भाषेत काहीही अशुद्ध येऊ न देण्याचा मी चंग बांधला होता आणि तो पुष्कळसा तडीस गेला. काही मुले हात वर करीनाशी झाली, काही पाचवीनंतर दिसली नाहीत. घरची कारणे होतीच. पण सगळीच कारणे घरची होती, असे आता मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

मिस्त्रींनी दुकानात स्वतः येऊन नमदा निवडला. ठाणामागून ठाण ओठांशी धरून, डोळे मिटून, फुंकर मारून पाहत होते. दुकानदार आधी हसला, मग गप्प झाला. जो पसंत केला तो माझ्या निवडीपेक्षा बराच सैल आणि किमतीला निम्मा होता. बारीक कण पुढच्या कागदाने धरावे, यासाठीच तर पहारे दोन आहेत, असे त्यांचे म्हणणे. अक्काने पुन्हा दोन नळ्या शिवल्या, एक चढवावयास आणि एक राखीव. ती बसविल्यावर हातपंपाने डिझेल वर ओढून एकेक स्क्रू सैल करीत मिस्त्रींनी नळ्यांतली हवा काढली. आधी फेस, मग तुटक बुडबुडे, मग अखंड धार. सेल्फ मारल्यावर ट्रकने तीन वेळा खोकून काळा धूर सोडला आणि चिंचेवरचे कावळे उडाले.

जुना फाटका नमदा अक्काने घमेल्यात केरोसिन ओतून धुतला. कशाला, असे मी विचारले नाही. खाली बसलेला गाळ निवळल्यावर पाहिले तर करडा, तांबूस आणि अगदी काळा असे तीन थर होते. त्यातला कोणता कोठल्या रस्त्याचा हे सांगू शकणारा मनुष्य आता नाही. तिने घमेले चिंचेच्या बुंध्याशी नव्हे, दूर उकिरड्यावर रिकामे केले, झाडाला केरोसिन लागू नये म्हणून.

संध्याकाळी मी वही उघडली. तारखेच्या आणि किलोमीटरच्या रकान्यात आकडे भरले. तिसऱ्या रकान्यात ‘तेल फिल्टर बदलला, डिझेल नमदा नवा, हवेचे भांडे धुतले’ असे लिहिले. चौथ्या रकान्यात दाजींच्या अक्षरात जबलपूर, देहूरोड, दिल्ली, पुन्हा दिल्ली अशी गावे खालीखाली उतरत आली होती, त्यांच्याखाली मी अलंग लिहिले, आणि नमद्यापुढे काय लिहावे म्हणून थांबलो असता अक्काने चष्मा लावून वहीत डोकावले व म्हणाली, “पांडेसरा लिही. आणि शिलाईचे पैसे लिहू नकोस.”

मी तसे लिहिले. पुढची तपासणी होळीनंतर.